गळ नसलेला बेडूक

आषाढातला तरणा पाऊस लागला की आमच्या ट्रंकेतल्या बेडकाला घाम सुटतो. हसू नका, खरंच सुटतो. जुनं मऊ प्लॅस्टिक आहे ते. उन्हाळाभर कोरडं ठणठणीत असतं आणि हवा दमट झाली की अंगावर तेलकट थेंब धरतं. काल झाकण उघडलं तर बेडकाचं फडकं ओलसर लागलं, आणि तो वास आला. नव्या बाहुलीचा वास. सुनेनं नाक धरलं आणि म्हणाली, "आई, टाकून द्या की आता ते." मी पावडरचा डबा घेऊन बसले. आधी बेडूक पुसायचा, त्याला पावडर लावायची, मग त्याच्या खाली ठेवलेलं दुसरं फडकं सोडायचं. ते मात्र मी एकटी सोडत नाही. हे आंघोळ उरकून, चष्मा लावून शेजारी येऊन बसले की मगच.

हे म्हणजे आमचे मालक. आता गुडघ्यांनी दमलेत, पण त्या पावसाळ्यात पलटणीतून सुट्टीवर आलेला ताठ गडी होता. बांगलादेशची लढाई होऊन गेली होती, दुष्काळ सरल्यालाही वर्ष उलटलं होतं, आणि आकाशाला आता थांबायचं कसं तेच आठवत नव्हतं. मलकापुरातलं आमचं घर तेव्हा वस्तीच्या अगदी टोकाला. परसाच्या पलीकडे उसाचं एक रान, आणि रानाच्या पलीकडे दगडाची जुनी खाण. दगड काढायचं कधीच थांबलेलं, खड्डा पाण्यानं भरलेला. तळ कुणी बघितला नव्हता. पावसाळ्यात ते पाणी काळंभोर होई, आणि तिन्हीसांजेला तिथल्या बेडकांचा आवाज असा चढायचा की घरात बोललेलं ऐकू येऊ नये. मला ते बरंच वाटायचं. त्या घरात त्या वर्षी बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आमची नंदा वैशाखात गेली होती. जन्मली थंडीत, माझ्या माहेरी, मिरजेला. तिथल्याच एका दवाखान्यात मी लग्नाआधी नर्स होते, प्लास्टरच्या खोलीत. मोडलेले हातपाय, वाकडे पाय, हेच माझं रोजचं काम. आणि माझ्याच लेकीचं डावं पाऊल आत वळलेलं निघालं. मला फार भीती नाही वाटली. अशी कितीतरी बाळं आमच्याकडे यायची. पाऊल हातात घ्यायचं, हळूहळू जेवढं येईल तेवढं सरळ धरायचं, वर प्लास्टर घालायचं. आठवड्यानं काढायचं, आणखी थोडं सरळ करायचं, पुन्हा घालायचं. लेकीचं सगळं प्लास्टर मी स्वतः घातलं. रडायची, मग माझा आवाज ऐकून गप्प व्हायची. पाऊल सरळ झालं. आता बूट करायचा म्हणून त्या पावलाचा साचाही घेतला. आणि बूट तयार व्हायच्या आत तिला हगवण लागली आणि पोर हातातून गेली. काय सांगायचं पुढचं? लहान लेकराला जाळत नाहीत. नदीकाठी पुरलं.

यांना तार मिळाली ती सगळं होऊन गेल्यावर. सुट्टी मिळाली ती पावसाळ्यात. म्हणजे यांनी लेक पाहिलीच नाही. ना जन्मलेली, ना गेलेली. आल्या आल्या म्हणाले, जागा दाखव. गेलो मिरजेला. कृष्णा दोन्ही काठ धरून चाललेली. जिथं पुरलं होतं तिथं पाणी होतं, आणि पाण्यावरून कुणाच्या तरी रानातली पेंढी वाहत चालली होती. "हितं?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्या बाभळीच्या अलीकडं." बाभळीचा नुसता शेंडा दिसत होता. हे त्या शेंड्याकडे बघत राहिले आणि मग एसटी स्टँडकडे चालायला लागले.

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, नंदाला पाहिलं होतं ते फक्त बारशाला. तेव्हा पाऊल वाकडंच होतं. आणि बघितल्या बघितल्या तोंडातून गेलं होतं, "गळावानी पाय आलाय पोरीचा. येनारच. पोटुशी बायकू घरात, आन ह्यो पिल्लावरल्या मरळीला गळ लावत बसला हुता!" बाई कडू नव्हत्या हो. पण जे आलं ते बोलून टाकायचा स्वभाव. आणि बोललेलं पत्रातून की कुणाच्या तोंडून, यांच्यापर्यंत पोचलंच.

खरं होतं तेही. आदल्या पावसाळ्यात हे सुट्टीवर असताना खाणीत मरळ धरली होती. मरळ हा मासा पोरं सांभाळतो. लालभडक बारीक पिल्लांचा पुंजका पाण्यावर येतो, श्वासाला, आणि पाणी भाताच्या आधणासारखं खदखदतं. आईबाप खाली उभे. त्या पुंजक्यावर काही पडलं की ते खालून झेप घेतात. खायला नाही, हाकलायला. म्हणून मरळ धरणारे जिवंत बेडकाच्या पाठीत गळ अडकवून बरोबर त्या पिल्लांवर टाकतात. भूक नसली तरी मासा येतोच. आमच्याकडे जाणती माणसं पिल्लावरची मरळ धरत नाहीत. यांनी धरली. मला तिसरा महिना होता. मी त्या कालवणात भाकरी चुरून खाल्ली होती, आवडीनं. ती चव मला अजून आठवते, आणि आठवली की मला माझीच भीती वाटते.

मिरजेहून परत आल्यावर हे रोज खाणीवर जाऊन बसायला लागले. आत्याबाईंचा जीव थाऱ्यावर नसायचा. "सुमन, जा गं, बघून ये. पान्याजवळ बसलाय त्यो." मी इरलं घेऊन जायची. हे काठावर उकिडवे बसलेले, हातात काठी, काठीला नायलॉनचा तंगूस, आणि तंगुसाच्या टोकाला एक रबरी बेडूक. पलटणीतल्या कुठल्या साहेबानं दिलेला, परदेशी, बोटभर लांब, मऊ. खाणीत तेव्हा पुन्हा एक मरळीची जोडी होती, पुन्हा पिल्लांचा पुंजका. हे बेडूक त्यावर टाकायचे. पाणी फुटायचं, काळं काहीतरी वर यायचं, तंगूस ताणायचा आणि लगेच ढिला पडायचा. बेडूक परत यायचा तो दातांनी ओरबाडलेला.

"निसटली व्हय?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"गळच न्हाई लावल्याला," हे म्हणाले.

"मग कशाला टाकताय?"

यांनी बेडूक उलटून त्यावरचे दात मला दाखवले. "चावली म्हंजी हाय."

एवढंच. मी उभी राहिले पावसात. माणूस वेडा झालाय असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण रोज त्याच वेळेला ते तसेच बसायचे, आणि त्या काळ्या पाण्याखालून काहीतरी वर यायचं, चावायचं, आपण आहोत असं सांगून जायचं. तेवढं कळलं की हे उठायचे, घरी यायचे, दोन घास जेवायचे. हळूहळू मीही वाट बघायला लागले. पाणी फुटेपर्यंत माझाही श्वास अडकायचा.

साहेबाचा बेडूक असा किती दिवस टिकणार? त्याचा एक पाय तुटला तेव्हा यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं. "तुला साचा करता येतुया न्हवं? प्लास्टरचा?"

येतो की. दुसरं काय येत होतं मला?

साबणाची डबी घेतली. पितळी गंजात प्लास्टर कालवून डबी अर्धी भरली, आणि बेडकाला व्हॅसलीन चोळून निम्मा त्यात बुडवून ठेवला. प्लास्टर आवळलं की कडेनं चमच्यानं दोन खळ्या करायच्या, म्हणजे वरचा भाग नेमका बसतो. मग सगळ्यावर व्हॅसलीन, आणि वरून दुसरं प्लास्टर. हे बघत बसले होते. मी म्हटलं, "हात लावून बघा." प्लास्टर आवळताना गरम होतं, ते यांना माहीत नव्हतं. यांनी डबीवर तळवा ठेवला आणि झटकन काढला. "जित्तं हाय का काय आत?" पलटणीत राहिलेला माणूस, पण चेहरा उतरला होता. मला हसू आलं. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं, आणि आत्याबाई स्वयंपाकघरातून वाकून बघायला लागल्या.

ओतायला माल मिळाला सांगलीहून. माझा मावसभाऊ तिथं बाहुल्या करायच्या एका छोट्या कारखान्यात होता. बाहुल्यांचे हातपाय ज्याचे करतात तो माल. थंड असताना दाट दूध, फिकट गुलाबी. तापवलं की खरवसासारखा थिजतो, आणखी तापवलं की पुन्हा पातळ होतो, तेव्हा ओतायचा. न्हाणीच्या चुलीवर, जुन्या पातेलीत. वासानं डोकं उठायचं. पहिला बेडूक बुडबुड्यांनी फसफसून निघाला, कारण साचा ओला. पावसाळ्यात प्लास्टर वाळणार कसं? शेवटी आत्याबाईंनीच माळ्यावरून टोपली काढून दिली. बाळाला धुरी द्यायची, दुपटी शेकायची टोपली. निखाऱ्यावर वावडिंग न् ओवा टाकून वर पालथी घालतात ती. त्या टोपलीखाली आम्ही साचा वाळवला. निखाराही त्यांनीच आणून घातला.

आणि रंग. गुलाबी बेडूक कुठं असतो? तो नुसता निघाला तेव्हा आम्हा दोघांनाही बघवेना. उघडं अंग वाटायचं ते. मी काजळाची डबी आणली. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, नंदासाठी. ते मालात कालवलं. मग बेडूक काळे निघायला लागले. परसातल्या दोरीवर तंगुसानं टांगलेले, पावसात हळूहळू फिरत राहायचे. शेजारणी त्या बाजूनं यायच्या बंद झाल्या.

आता वाटतं, त्या आषाढात आम्ही नवराबायको म्हणून जे काही होतो ते त्या न्हाणीच्या चुलीपुढंच. मी ढवळायची, हे साचा आवळून धरायचे. बोलणं सगळं बेडकाचं. पाय नीट उठला का. पोटाला बुडबुडा आला का. नंदाचं नाव दोघांच्याही तोंडात यायचं नाही. एकदा साचा उघडताना रिकाम्या साच्यातून बोट फिरवत हे म्हणाले, "बेडूक न्हाई, पर समदा बेडूक हाय हितं." आणि मी घाईनं साचा मिटून टाकला. कारण माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, बुटासाठी घेतलेला तो साचा होता. दवाखान्यातून मी तो मागून आणला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. उघडायचा धीर मलाच नव्हता, तर दाखवू कुणाला? आणि हे रात्री झोपेत आपली बोटं आकड्यासारखी वळवायचे. गळासारखी. दिवसा एकदा विचारलं होतं मला, तिकडं तोंड करून, "लय वाकडं हुतं का गं?" मी सांगितलं, सरळ झालं होतं म्हणून. यांना ते खरं वाटलं नाही. मी समजूत घालते असंच धरून चालले. आणि सुट्टी तर संपत आली होती. हा माणूस असाच परत गेला तर पुन्हा येणार नाही, हे मला आतून कळत होतं. तिथं सीमेवर, किंवा त्याच्या आधीच खाणीत, कुठंतरी हा स्वतःला सोडून देणार.

मग एका सकाळी शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या. झाकण ठेवलेली, वाफ येणारी. "घे गं सुमन. मरळीचं कालवान हाय. तुज्या अंगात रगत न्हाई ऱ्हायलं. आमच्या पोरांनी काल सांजच्याला धरल्या, खानीतल्या. जोडीच गावली." बिचारीनं मायेनंच आणलं होतं. आमच्याकडे अशक्त बाईला मरळच देतात. मी वाटी घेतली. मागं वळले तर हे दारात उभे. वाटीकडे बघत होते. मग दोरीवरचा एक बेडूक ओढून काढला आणि उसातून खाणीकडे निघून गेले.

वाटी तशीच राहिली. आत्याबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या.

मी गेले तेव्हा पाऊस धरून होता. हे काठानं चालत होते. अगदी हळू, एकेक पाऊल. काठी पुढं धरलेली, तंगूस पाण्यावर, टोकाला काळा बेडूक. आणि बेडकाच्या खाली, त्याला चिकटून, तो लाल पुंजका. हे दोन पावलं चालले की बेडूक हातभर सरके, आणि सगळी पिल्लं त्याच्या मागं सरकत. हे थांबले की ती थांबत आणि त्याच्याभोवती गोल फिरत. मधूनच श्वासाला वर येत तेव्हा पाणी खदखदे, आणि पुन्हा त्याच्या सावलीत. मी नर्स बाई, भुताखेतांवर कधी विश्वास ठेवला नाही. पण ते बघून माझ्या अंगावर काटा आला तो अजून तसाच येतो. त्या बेडकात काजळ होतं. माझ्या लेकीचं.

"चला घरी," मी म्हटलं.

"सोडून कसं यिऊ?" हे म्हणाले. मान वर केली नाही. "मी थांबलो की ती बावरत्यात. बघ." आवाज अगदी साधा होता. अंगावरचं सगळं भिजलेलं, ओठ निळे. काठ निसरडा, आणि हे पाण्याकडे बघत चालत होते, काठाकडे नाही.

मी पळत घरी आले. ट्रंक उपसली. साचा काढला, दोन अर्धी, दवाखान्याच्या पट्टीनं बांधलेली. कोरडा खडखडीत. पातेलीत माल होता, शेवटचा. चूल पेटवली. काजळाकडे हात गेला होता, तो मागं घेतला. आत्याबाई मागून विचारत होत्या, "काय गं? काय करतियास?" मी सांगितलं नाही. ओतलं. हातानं धरून बसले, गार होईना, थांबवेना. उघडला. एक बुडबुडा नाही.

पदरात घेतलं आणि तशीच खाणीवर गेले. यांच्या पुढ्यात जाऊन वाट अडवली आणि ते यांच्या मोकळ्या हातावर ठेवलं. अजून कोमट होतं. मऊ, गुलाबी, माझ्या बोटांएवढं. पाच बोटं. टाचेवरची घडी.

"काय हे?"

"नंदा. डावं पाऊल. बुटाला माप घेतलं होतं तवाचं."

हे बघतच राहिले. मग यांनी अंगठा टाचेवर ठेवला आणि तळव्यावरून हळूहळू पुढं नेला, बोटांपर्यंत. पुन्हा मागं आणला. पुन्हा पुढं. काठी कधी हातातून सुटली ते यांना कळलंही नाही.

"सरळ हाय," हे म्हणाले. "सरळ हाय की गं. सरळ हाय."

आणि मग ते खाली बसून रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे, ऊर फुटेस्तोवर. मी पण रडले. वैशाखापासून पहिल्यांदा.

घरी आलो तेव्हा आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. यांनी ओंजळ उघडून पुढं केली. बाईंनी ते पाऊल दोन्ही हातांत घेतलं, उजेडाकडे नेलं, उलटंपालटं करून पाहिलं. मी वाट बघत होते, आता काय बोलतात. त्या आत गेल्या. काजळाच्या डबीचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटाला काजळ होतं. पावलाच्या तळव्यावर त्यांनी तीट लावली, जशी लावतात तशी, आणि बोट आपल्या केसांना पुसलं. "दिष्ट लागंल," म्हणाल्या. "लय नीट हाय पाय."

काठी तंगुसासकट काठाच्या गवतात अडकली होती. बेडूक तरंगत राहिला, पिल्लं त्याच्याखाली. आम्ही रोज जाऊन बघून यायचो. मोठी होत होती, लाल रंग उतरून काळी पडत होती. हे पलटणीत परत गेल्यावर मी एकटी जायची. एक दिवस बेडूक एकटाच होता. तो काढून आणला. हे पुढच्या सुट्टीला आले, त्याच्या पुढच्यालाही आले. नंतरची दोन्ही लेकरं मलकापुरातच वाढली. खाण आता बुजवलीय, वर घरं झालीत. पावसाळ्यात त्या घरांच्या भिंतींना ओल येते म्हणे, आणि बेडूक ओरडतात, कुठून ते सापडत नाही.

पाऊल अजून आहे. प्लॅस्टिक कुजत नाही. ती तीट मात्र तेव्हा मोहरीएवढी होती, आता मऊ मालात झिरपून रुपयाएवढी पसरलीय. दर पावसाळ्यात थोडी वाढते. काल फडकं सोडलं तर सगळं पाऊल घामेजलेलं. मी पुसायला लागले. टाच, बोटं, बोटांच्या मधल्या फटी. यांना आता नीट दिसत नाही, तरी वाकून बघत होते. मग अंगठा पुढं केला, टाचेपासून बोटांपर्यंत एकदा नेला, आणि मान हलवली.

"पूस," म्हणाले. "तीट सोडून."